शेठचा डावा डोळा

सीवूड्स, ११ ऑगस्ट

ती. जयदेवमामांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही, फोटो उघडत नाही आणि मायना नसलेल्या ईमेलला उत्तर देत नाही, म्हणून ऐरोलीच्या ऑफिसात बसून हे रीतसर पत्र टाइप करतेय. शेजारचा स्वानंद दोनदा वाकून बघून गेला. एवढं लांबलचक आमच्याकडे फक्त राजीनामा देताना लिहितात.

शेठ आजारी आहे. शेठ म्हणजे आमच्या टाकीतला एम्परर एंजल, निळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला. तुम्हाला आठवणार नाही, कारण तुम्ही टाकीकडे पाठ करून चहा प्यायलात आणि ‘चौदाव्या मजल्यावर समुद्र बांधणाऱ्याच्या घरी मी पुन्हा पाय ठेवणार नाही’ असं जाहीर करून निघून गेलात. नका ठेवू. पण करंजाड्यात बसून तरी काहीतरी सांगा. प्रणयने ज्या दुकानातून हे सगळं उभं केलं तिथला प्रितेश माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देतो, ‘मॅडम, टेन्शन नको, नवीन पीस देतो ना.’

नवीन पीस चालणार नाही. शेठला प्रणयने अंगठ्याएवढा असताना आणलं. तेव्हा त्याच्या अंगावर पांढरी वर्तुळं होती, पट्टे नंतर उमटले, आणि ते उमटताना माझा नवरा रोज त्याच्यासमोर बसून होता. आता जहाजावरून फोन आला की आधी शेठची चौकशी होते, मग आईंची, वेळ उरला तर माझी. गणपतीच्या दोन दिवस आधी तो उतरतोय.

त्याहून मोठी पंचाईत सासूबाईंची. प्रणय बोटीवर गेल्यापासून शेठला खायला त्याच घालतात. आता त्यांच्या डोक्यात बसलंय, की मासा गेला तर मुलगा दर्यावरून परत यायचा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पाय लांब करून पडायला सांगितलेलं, आणि ही बाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेली. माझं समजावणं त्यांच्या कानावरूनही जात नाही.

लक्षणं सांगते. शुक्रवारी, नारळी पौर्णिमेला, संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा पहिल्यांदा दिसलं. डाव्या अंगावर रुपयाएवढा पांढुरका चट्टा, तिथले खवले उभे. डावा डोळा दुधाळ. पाठीवरचा पर फाटलेला. कपारीत तोंड खुपसून असतो, खात नाही, श्वास भरभर. दोन क्लाउन मासे आणि कोळंबी मजेत आहेत. जुलैत प्रितेशकडून एक छोटा गोबी मासा आणला होता, तोही बरा आहे.

काय झालंय त्याला, आणि मी काय करू?

तुमची,
रुतिका

करंजाडे, १२ ऑगस्ट

चि. रुतिकास,
आशीर्वाद.

मायना जमला. बाकी पत्राबद्दल असं म्हणता येत नाही.

माशाला शेठ म्हणायचं, त्याला सहा फुटांचा दिवाणखाना द्यायचा, पाकिटातलं मीठ कालवून त्याला समुद्र म्हणायचं आणि वर निळे दिवे लावायचे. फोटो मी उघडत नाही याचं कारण ते दिवे. निळ्या दिव्याखाली मीसुद्धा निरोगी दिसतो. या टॉवरवाल्यांना खिडकीतून खरी खाडी दिसते, तिकडे पडदा ओढून घेतात आणि आतल्या काचेपुढे उसासे टाकतात.

मत्स्यशास्त्र शिकवताना मी पोरांना पहिल्याच तासाला बजावायचो, आधी मार की आजार ते ठरवा, मग औषधाच्या कपाटाला हात लावा. एकाच माशाला, एकाच बाजूला, एकाच डोळ्याला काही झालं असेल तर बहुधा मार. दोन्ही डोळे, दोन्ही बाजू, शेजारचे मासेसुद्धा, तर आजार. त्यातही रवा शिंपडल्यासारखे दाणे वेगळे, बारीक पिठी बसते तो मखमल रोग वेगळा, शेंबडासारखा पापुद्रा सुटतो ते आणखी वेगळं. तू लिहिलंस ‘पांढुरका चट्टा’. भिंतीवरच्या ओलीचं वर्णन तुमच्या सोसायटीचे लोक याहून बरं करतात.

पण उत्तर तुझ्याच शेवटच्या ओळीत आहे. जुलैत नवा मासा आणलास. तो महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवला होतास? कशाला ठेवशील! पिशवी फोडून सरळ आत सोडला असणार. तोच परजीवी घेऊन आला. स्वतः ठणठणीत राहून दुसऱ्याला आजार देणारे मासे असतात, नातेवाईकही असतात. अंगावर पांढरं, श्वास भरभर, खाणं बंद, म्हणजे मखमल रोग. आज एकाला झालाय, आठवड्यात सगळ्यांना होईल.

त्याला टबात काढ. तांब्याचं औषध आण आणि बाटलीवरच्या मापाने टबात घाल. मोठ्या टाकीत ओतू नकोस, कोळंबी मरेल. एवढी अक्कल तुला आहे असं मी धरून चालतो.

आणि तुझ्या सासूबाईंना सांग, जहाज कॅप्टन चालवतो, मासा नाही.

तुझा मामा,
जयदेव

सीवूड्स, १४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न.

सांगितलंत तसं केलं. शेठ टबात आहे, औषध परवापासून चालू आहे. पहिल्या दिवशी निदान कोपऱ्यात उभा तरी होता, आज तळाशी टेकलाय. आई आता टबाशेजारी जमिनीवर बसतात. ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन जमिनीवर. उठवायला मी आणि कामवाल्या मीनाताई, दोघी लागतो.

मामा, तुम्ही चिडाल, पण तुमचाच नियम तुम्हाला विचारते. एकच मासा. एकच बाजू. एकच डोळा. उजव्या अंगावर टॉर्च मारून बघितलं, पिठीबिठी काही नाही, पट्टे स्वच्छ आहेत. गोबी आजही उड्या मारतोय. मग हा मार का नाही? समजा त्याला काही लागलं असेल, कशावर आपटला असेल, तर तांब्याचं औषध उलट बाधणार नाही का?

प्रणयचा काल फोन होता. म्हणाला, टाकीसमोर फोन धर. मी म्हटलं नेटवर्क नाही.

रुतिका

करंजाडे, १४ ऑगस्ट

चि. रुतिकास,
आशीर्वाद.

दोन दिवसांत तू माझी परीक्षक झालीस. अभिनंदन.

मार असेल तर मारला कोणी? तुझ्या टाकीत ट्रॉलर घुसला? वरून कोणी हातोडा टाकला? क्लाउन मासे एंजलला मारत नाहीत, कोळंबी तर नाहीच. दगडावर घासला तर ओरखडा उठतो, रुपयाएवढे खवले उभे राहत नाहीत. त्यासाठी वरून जड काहीतरी आदळावं लागतं, आणि जड काही आदळलं असतं तर माशाला बघत दिवसभर बसणाऱ्या तुझ्या सासूबाईंना दिसलं नसतं? की त्यांनाही मोतीबिंदू आहे?

नियम पोरांसाठी असतो. तो कधी बाजूला ठेवायचा हे कळायला आयुष्य घालवावं लागतं, ते मी घालवलंय. आजार नुकता सुरू होतो तेव्हा एकाच बाजूने दिसू शकतो. औषध लागू पडायच्या आधी मासा तळाशी बसतो. बसू दे.

मला विचारायचं असेल तर माझं ऐकायचं. नाहीतर तो प्रितेश आहेच, नवीन पीस द्यायला टपलेला.

जयदेव

दिवाळे, १७ आगस्ट

जयदेवमामांना गंगूचा नमस्कार.

मी प्रनयची आई. चवथी शिकलेली हाय, चुका मोजू नका. आज भावाकरं गावाला आयले, हितं बसून लिवते. भावाचा कान्हा मासली घेऊन पनवेलला येतो, त्याच्या हाती पत्र धाडते. रुतिकाला यातला एक अक्षर बोलू नका. तुमाला तुमच्या बहिनीची आन हाय.

शेठ आजारी नाय. त्याला मीनी नारल मारला.

पुनवेला दर्याला नारल द्यायचा आस्तो. माजा पोऱ्या बोटीवर आनि मी घरान पाय लांब करून. रुतिका मना दिवाल्याच्या जेट्टीवर नेनार व्हती, तिची मीटिंग आयली. तिला दोस नाय, ती नोकरी करते. मी एकटी खाली उतरले, रिक्षावाला बोलला आजी पाय बगा आनि घरी जावा. परत आयले. मंग मना वाटला, टाकीतला पानी पन खाराच हाय. प्रनय बोलतो, आई यो आपला दर्या हाय. नारलाला सोनेरी कागद लावला, हलद कुकू लावला. स्टुलावर चरले, माज्या पोऱ्याला सुकरूप आन बोलले आनि नारल सोरला. शेठ मना बगून वर येतो. मी खायला घालते ना त्याला. तो वर आयला आनि नारल त्याच्यावर परला.

नारल मीनी काढला, फोरला, त्याचाच नारलीभात केला. रुतिका जेवली. मी नाय जेवले.

आता मना सांगा मामा. माजा नारल दर्यानी घेतलाच नाय का? हात नाय लावला त्यानी, उलटा रगत काढला. तवापासून मना झोप नाय. माजा पोऱ्या त्याच्याच पान्यावर हाय.

तुमी मोटे मास्तर. तुमी कागदावर मासा बगितलाव आनि रोग काढलाव. तो टबान परून हाय, औसद त्याला जालतंय, त्याचा रंग गेला. आजाराचा औसद बंद करा, माराचा सांगा. मना हसायचा आसला तर मागून हसा.

गंगू

करंजाडे, १७ ऑगस्ट

गंगूताईंस,
सप्रेम नमस्कार.

कान्हा दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. हसलो नाही.

औषध आजच बंद होईल, रुतिकाला मी कळवतो. शेठला मोठ्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात परत घ्यायचं. दिवे दोन दिवस बंद. टाकीपुढून येजा कमी करायची, तुम्हीसुद्धा लांब बसायचं. रोज थोडं पाणी बदलायचं. खायला कोळंबी सोलून बारीक करून द्या, ती तुमच्याइतकी कोणाला जमणार नाही. जखम लाल झाली किंवा चट्टा पसरला तर मला कळवा, तोवर दुसरं काही घालायचं नाही. मार स्वच्छ पाण्यात भरून येतो. डोळ्याचं सांगता येत नाही.

पुढच्या वेळी स्टुलावर चढू नका.

दर्याने नारळ घेतला की नाही, हे मला माहीत नाही. तो माझा विषय नव्हे.

रुतिकाला माझ्याकडून काही कळणार नाही.

जयदेव

करंजाडे, १७ ऑगस्ट

चि. रुतिकास,
आशीर्वाद.

औषध ताबडतोब थांबव. शेठला आत्ताच्या आत्ता मोठ्या टाकीत घे. दिवे बंद, पाणी रोज थोडं बदल, जाळीने काढू नकोस, परात पाण्यात बुडवून त्यातच उचल, म्हणजे आणखी खवले जाणार नाहीत.

मखमल रोग नाही, मार आहे. मी चुकलो. कसा लागला ते शोधत बसू नकोस, रात्री कशाला तरी बिचकून दगडावर आदळला असेल. मासे बिचकतात. प्रणयलाही तेच सांग.

वय झालं की माणसाचं असं होतं. हे पत्र जपून ठेवायची गरज नाही.

जयदेव

सीवूड्स, २६ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न.

जपून ठेवलंय. प्रिंट काढून ठेवलंय. जयदेव मामांनी ‘मी चुकलो’ लिहिलेला जगातला एकमेव कागद माझ्याकडे आहे, तो मी सोडते की काय! दगडावर नुसता ओरखडा उठतो, असं तुम्हीच तीन दिवस आधी ठणकावून लिहिलं होतंत. तीन दिवसांत दगड एवढे जड कसे झाले ते विचारत नाही.

शेठ जगला. रंग परत आला, कोळंबी मागून खातो. डावा डोळा मात्र पांढराच राहिला. त्या बाजूने घास टाकला तर त्याला कळत नाही, म्हणून आई उजवीकडे उभ्या राहून टाकतात. प्रणय काल उतरला. बॅग दारात टाकून टाकीपाशी गेला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘डोळ्याला काय झालं रे शेठ?’ मी तुमचा दगड सांगितला. आई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आता तुम्हाला खरं लिहिते, कारण आता बिघडायचं ते बिघडून झालंय.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या शुक्रवारी फिल्टर उघडला तर आत नारळाच्या शेंड्या आणि सोनेरी कागदाचा तुकडा. ताटात नारळीभात, आणि आई जेवत नव्हत्या. जेट्टीवर न्यायचं कबूल करून मी मीटिंगला बसले होते, त्यामुळे विचारायला तोंड नव्हतं. नारळ टाकीत पडला आणि शेठला लागला, एवढं मला कळलं होतं. तुम्हाला मी ते लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? आमच्या लग्नात आईंनी तुम्हाला पंगतीत ‘मामा, सुकट घालू?’ विचारलं होतं. ते तुम्ही आजवर किती घरांत, त्यांचा आवाज काढून सांगितलंय? बारशाला सांगितलंत, साठीशांतीला सांगितलंत, त्या बाजूच्या खोलीत असतानाही सांगितलंत. त्यांनी ऐकलं होतं, मामा. त्या हसल्या होत्या, आणि त्यानंतर तुमच्यासमोर तोंड उघडेनाशा झाल्या. मुलाच्या जिवासाठी टाकीत नारळ सोडणारी बाई तुमच्या हातात दिली असती, तर तुम्ही तिला मरेपर्यंत पुरवली असती.

म्हणून मी लक्षणं तेवढी खरी लिहिली. म्हटलं, एवढे मोठे मास्तर आहेत, एक बाजू, एक डोळा बघून आपणहून ओळखतील. पण तुम्हाला माशापेक्षा माझी चूक शोधायची होती. आणि तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंत की माझाच विश्वास डळमळला. वाटलं, नारळ निमित्त झाला असेल, आजार आधीचाच असेल. चांगला मासा तुमच्या शब्दावर तांब्याच्या पाण्यात लोळवला. तुमच्या जिभेला घाबरून एक खरी गोष्ट लपवावी लागली, त्याची किंमत त्या मुक्या जिवाने एक डोळा देऊन भरली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. ‘मी चुकलो’ हे तुम्ही मोठेपणा म्हणून लिहिलं असेल. ते अक्षरशः खरं होतं.

प्रणय घरात आहे तरी आई अजून टाकीसमोरच बसतात. दिवाळीनंतर त्याला पुन्हा बोटीवर जायचंय ना. सकाळी मी ऐकलं, शेठला हळूच विचारत होत्या, ‘नारल घेतला का रे त्यानी?’ मी काय उत्तर देणार? मला माहीत आहे हेच त्यांना माहीत नाही. आणि तुम्हाला कळलंय हे तर त्यांना कधीच कळता कामा नये. निदान या एका गोष्टीचा किस्सा करू नका. जमलं तर.

रुतिका

करंजाडे, २६ ऑगस्ट

चि. रुतिकास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

कळलं असतं तर मी हसलो असतो, असं तू लिहितेस. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे. ते मी तुला देऊ शकत नाही, तेव्हा तुझंच म्हणणं खरं धरून चाल.

लोक माझ्यापासून गोष्टी लपवतात हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, माझ्या ज्ञानाच्या धाकाने लपवतात. फार लाज वाटली.

सुकटीची गोष्ट आजपासून बंद.

उद्या गणपतीला येतोय. चौदाव्या मजल्याबद्दल मी जे बोललो होतो ते कोणी आठवण करून देऊ नये. प्रणयने टाकीसमोर माझ्यासाठी एक खुर्ची ठेवावी, गंगूताईंच्या शेजारी नको, थोडी मागे. मला शेठचा डोळा बघायचा आहे. फोटोत नाही, समोर बसून.

आणि आपण तिघंही किती दिवस एकमेकांना दगड दाखवत बसणार? गंगूताईंजवळ जाऊन बस, आणि तुला माहीत आहे हे सांगून टाक. रागावलेली नाहीस हेही सांग. मग माझा एक निरोप दे. जसाच्या तसा दे, शास्त्रीय आधार विचारू नकोस, तो नाही. म्हणावं, जयदेव मास्तर म्हणतात, नारळ दर्याने घेतला. मासा फक्त मध्ये आला.

तुझा मामा